पोस्टरांचा दिवस

सुतळी, फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा आणि मैद्याची खळ, एवढ्यावर आमच्या कॉलेजातला तो सोहळा उभा राहायचा. पत्रिकेवर ‘पदवी विद्यार्थ्यांचे संशोधन सादरीकरण’ असं भारदस्त नाव. पण प्राचार्यांपासून शिपाईमामांपर्यंत सगळे त्याला ‘पोस्टरांचा दिवस’च म्हणत. चतुर्थी, दिवाळी, गॅदरिंग सगळं उरकलेलं आणि शिगम्याचे ढोल वाजायला अजून अवकाश असलेला, असा फेब्रुवारीतला एखादा दिवस. हॉलच्या खांबांना पुठ्ठे बांधायचे आणि पंखे बंद ठेवायचे, कारण पंखा लावला की निष्कर्ष उडत.

माझं पहिलं पोस्टर १९९१चं. विषय हिवताप. १९८६च्या सुमारास पणजीत हिवतापाने डोकं वर काढलं आणि मग तो हलेना. शहरात इमारती उठत होत्या. नव्या स्लॅबवर क्युरिंगसाठी अडवलेलं पाणी, झाकण नसलेल्या टाक्या, जुन्या विहिरी हे सगळं हिवताप पसरवणाऱ्या ॲनॉफिलीस डासाला हवं तसं. आम्ही तिघीजणी वाडगा आणि ड्रॉपर घेऊन बांधकामांवर फिरायचो. मुकादमाला वाटायचं नगरपालिकेच्या आहोत, म्हणून तो आधी चहा मागवायचा. सरांनी शिकवलेली खूण साधी होती. अळी पाण्याच्या पृष्ठभागाला लागून आडवी पडली असेल तर ॲनॉफिलीस, डोकं खाली करून तिरकी लटकली असेल तर क्युलेक्स. त्या वर्षी मी कुठलंही साचलेलं पाणी दिसलं की वाकून बघायची, लग्नघरातल्या हंड्यातसुद्धा.

पोस्टरसोबत खरा नमुना ठेवावा म्हणून शनिवारी हॉर्लिक्सच्या बाटलीत अळ्या आणि कोष भरले आणि तोंडाला मलमल बांधली. सोमवारी सकाळी बाटलीवरचं रबर सुटलेलं. पाहुण्यांच्या भाषणात टाळ्या जरा जास्तच ऐकू येत होत्या, पण त्या कौतुकाच्या नव्हत्या. कोषातून डास बाहेर पडायला दोन-तीन दिवस पुरतात, हे त्याच पोस्टरवर मी लाल शाईने लिहिलं होतं.

पाहुणे बहुतेक वेळा गोमेकॉतले, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजातले, कुणी डॉक्टर. त्यांचं भाषण १८४२ पासून सुरू व्हायचं, पोर्तुगीज काळात पणजीत निघालेल्या वैद्यकीय शाळेपासून. तिथून बांबोळीतल्या आजच्या गोमेकॉपर्यंत यायला वीस मिनिटं सहज लागत. पण भाषण संपलं की हीच मंडळी पोस्टरांपुढे वाकून इतके बारीक प्रश्न विचारत की पोरांची गाळण उडे. ‘तू कुणाला विचारलंस? ते घरी कधी असतात? नसतात त्यांचं काय केलंस?’ मी पुढे आमच्याच कॉलेजात शिकवायला लागले आणि हे तीन प्रश्न माझे म्हणूनच खपवले.

खाण्याचं मात्र ठरलेलं होतं. पातळ भाजी-पाव, बन्स आणि पाकासारखा गोड चहा. जून २०२३मध्ये देशभरातल्या मधुमेहाचा आयसीएमआरचा, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा, अभ्यास आला. त्यात गोवा सगळ्यांत वर, प्रौढांमध्ये २६.४ टक्के, देशाचा आकडा ११.४. पुढच्या फेब्रुवारीत निम्मी पोस्टरं साखरेचीच. त्या पोस्टरांपुढे उभं राहून आम्ही बन्स खात होतो. कँटीनवाल्याला कुणीतरी टोकलं, तर तो म्हणाला, ‘मॅडम, ऑर्डर तुमचीच.’

तोवर सुतळी गेली होती, फ्लेक्स आले होते आणि त्यांच्याबरोबर गूगल फॉर्मही. या फॉर्मांशी माझं कधीच जमलं नाही. ज्येष्ठांच्या आहारावरचं सर्वेक्षण, आणि उत्तरं देणाऱ्यांचं सरासरी वय वीस! ग्रुपवर लिंक टाकली की तासाभरात शंभर उत्तरं येतात. कुणाच्या पडवीवर बसावं लागत नाही, कुत्रा अंगावर येत नाही. कोविडच्या वर्षी तर सगळा सोहळाच पडद्यावर झाला. त्याविषयी लिहिण्यासारखं काही नाही.

त्या साखरेच्या वर्षी डिचोलीकडचा एक मुलगा मात्र घरोघर गेला होता. प्रश्नावली इंग्रजीतून शुद्ध मराठीत आणलेली. शेजारच्या आजीला त्याने विचारलं, ‘आपल्याला मधुमेह आहे का?’ आजी म्हणाली, ‘ना रे बाबा.’ याने ‘नाही’वर खूण केली. निघताना आजीने फळीवरची गोळ्यांची पिशवी काढायला सांगितली. ‘कसल्या गोळ्या?’ तर म्हणे, ‘गोडेंमुताच्यो.’ पोरगा सगळ्या घरांत पुन्हा गेला. पोस्टरवर त्याने दोन रकाने केले, ‘मधुमेह’ विचारल्यावरचा आणि ‘गोडेंमूत’ विचारल्यावरचा. परीक्षकांनी त्याला दुसरा क्रमांक दिला. मी असते तर पहिला दिला असता. पण त्या वर्षी मी फक्त चहा पीत होते, निवृत्त झाले होते.

आणि एक पोस्टर त्याच्या बरंच आधीचं, माकडतापाचं. १९५७ साली शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात सापडलेला हा आजार २०१५मध्ये आमच्या सत्तरीत आला. गोचिडीतून होणारा. तिची पिल्लं तिळाएवढी, पाचोळ्यात दडलेली, आणि त्यांचा जोर नेमका काजूच्या मोसमात. आरोग्य केंद्रातून हातापायांना लावायला डेपाचं, गोचिडी दूर ठेवणारं, तेल मिळायचं. सत्तरीतल्याच एका मुलीने बायकांना विचारलं होतं, ‘तेल रोज लावता का?’ हो किंवा नाही. ‘हो’चा खांब चांगला उंच आला होता.

त्या दुपारी तिची आई आली, काजूच्या बागेतून तशीच, नखांत बोंडवाचा रस वाळलेला. मुलीने पोस्टर समजावून सांगितलं. आई ऐकत राहिली आणि मग त्या उंच खांबावर बोट ठेवलं. लावतो गो, पण फांतोडेर, म्हणजे पहाटे, म्हणाली. बोंडू पिळून बी वेगळी करताना कोपरापर्यंत रस येतो. हात धुवावे लागतात, तेल तिथेच जातं. बाटली घरी, दुपारी पुन्हा पाचोळ्यात शिरायचं ते कोरड्या हातांनी.

‘हें बरयलां तुवें?’ हे लिहिलंयस का, असं तिने विचारलं.

मुलीने माझ्याकडे बघितलं. पुढच्या पोस्टरापाशी परीक्षक उभे होते, पाच मिनिटांत इकडे येणार होते. मी खिशातलं पेन तिला दिलं. तिने ‘हो’च्या खांबावर मधोमध आडवी रेघ मारली आणि वरच्या अर्ध्यात लिहिलं, ‘फक्त सकाळी’. आई म्हणाली, रेघ आणखी वर घे, काही जणी बाटली बरोबर नेतात.