आयना का बायना

जानेवारीतला तिसरा रविवार, म्हणजे मुंबईत मॅरेथॉनचा दिवस, आणि मी आपला दादरहून भाजीच्या दोन पिशव्या घेऊन दुपारच्या कल्याण स्लोमध्ये चढलो तर समोरच्या सीटवर एक कांदा बसलेला. चांगला मोठा, लालभडक, फोमचा, वर शेंडी. आत एक पंचविशीचा मुलगा, घामेघूम, छातीवर पिनांनी लावलेला नंबर. नीट बघितल्यावर नंबराखाली ‘थॅलेसेमिया’ असं वाचता आलं तेव्हा कळलं की कांदा नाही, रक्ताचा थेंब आहे. सकाळी ड्रीम रनमध्ये सहा किलोमीटर पळून (किंवा चालून, तिथे कोणी विचारत नाही) बिचारा घरी निघालेला. डब्यात सगळे जण त्याच्याकडे बघत नसल्यासारखं करत होते, जे मुंबईकराला बरं जमतं.

माझ्या बाजूला गांधी टोपीवाले एक आजोबा होते. ते मात्र सरळ बघत होते. कुर्ल्याच्या आसपास त्यांनी खिशातून दहाची नोट काढली, त्याच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाले, ‘झकास वेश केलायस हो.’

मुलगा गडबडला. ‘अहो काका, मी तसा नाही, म्हणजे आम्ही संस्थेसाठी... इथे क्यूआर कोड आहे बघा.’

‘ते राहू दे. हे घे.’

त्याने घेतली. घेणार नाही तर काय करणार. आजोबांच्या हिशेबी तो बहुरूपी होता, आणि खरं सांगू का, मला त्यात काहीच चूक दिसेना. खोटं वॉरंट घेऊन दारात उभा राहणारा पोलीस, पहाटे मोरपिसांची टोपी घालून दान पावलं म्हणणारा वासुदेव, आणि हा थेंब. सोंग घ्यायचं, लोकांना जरा हसवायचं, मग मागायचं. फरक एवढाच की याला कंपनीत एचआरने मेल पाठवून उभं केलं असणार.

घरी येऊन जेवून आडवा झालो आणि मोबाईलवर हेच बघत बसलो, दुपारची झोप गेली ती गेलीच. लंडनवाले यात फार पुढे गेलेत. तिथली मॅरेथॉन १९८१ पासूनची, आणि ड्रीम रन वगैरे नाही, पूर्ण ४२.१९५ किलोमीटर लोक सोंगात पळतात. गेंडे वाचवणाऱ्या संस्थेचे लोक गेंडा होऊन पळतात, ते गेंडे म्हणे मुळात नाटकासाठी केलेले. २००२ मध्ये लॉईड स्कॉट नावाचा माणूस, स्वतः ल्युकेमियातून उठलेला, जुन्या पद्धतीचा पाणबुड्याचा पोशाख घालून निघाला, तो पोशाख पन्नासेक किलोंचा, शिशाचे बूट, आणि त्याला पोचायला पाच दिवसांच्या वर लागले. पाच दिवस! आपली आळंदीची पालखी तरी मुक्कामाला थांबते, कीर्तन असतं, पिठलं-भाकरी असते. २०१९ मध्ये एक जण बिग बेनचं घड्याळ होऊन पळाला तो शेवटच्या कमानीखालीच अडकला, उंची जास्त झाली. त्याच वर्षी एका नर्सचा, नर्सच्या वेशात सगळ्यात जलद पळण्याचा विक्रम गिनीजवाल्यांनी आधी नाकारला, का तर ती रोज ड्युटीवर घालते तोच सदरा-पँट घालून पळाली आणि नियमात नर्स म्हणजे फ्रॉक, एप्रन आणि टोपी. खऱ्या नर्सला नर्सचं सोंग जमलं नाही म्हणे. नंतर आरडाओरडा झाल्यावर दिला तो विक्रम.

पण माझं डोकं गेलं गुहागरकडे. शिमग्यात आमच्या वाडीत खेळे यायचे, नाचणारी गोमू, मृदंग, आणि पुढे संकासूर. काळे कपडे, काळी उंच टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरं आणि हातात दोरीचा सोटा. आम्ही पोरं आधी त्याला चिडवायचो आणि तो वळला की माजघरात. एका वर्षी मी खाटेखाली लपलो होतो तिथून मला फक्त त्याचे पाय दिसले, आणि डाव्या पायाचा अंगठा वाकडा. म्हणजे धाकटा काका! मी ओरडणार तेवढ्यात आजीने तोंड दाबलं. ओळखलं तरी बोलायचं नसतं म्हणाली, तो आता काका नाहीये.

आणि नव्हताच. आमचा काका म्हणजे शेजारून वाटीभर साखर आणायलाही जायचा नाही, दुकानदाराने सुटे कमी दिले तर तसाच परत यायचा. तोच माणूस संकासूर होऊन वाडीतल्या सगळ्यात चिक्कट घराच्या पायरीवर पाय ठेवून उभा राहायचा, आमची पोरं मागून ‘आयना का बायना, घेतल्याशिवाय जायना’ ओरडायची आणि पोस्त मिळेपर्यंत घुंगरं थांबायची नाहीत. पैसे देवळाला जायचे. दाढी काढली की काका परत मुका.

मी त्याच्यावर गेलोय. सोसायटीच्या गणपतीच्या वर्गणीला मला नेतात ते पावतीपुस्तक धरायला, बेल वाजवतो दुसराच. ऑफिसातल्या एकीने तीन आठवड्यांपूर्वी तिच्या मॅरेथॉनची देणगीची लिंक पाठवली, ती मी अजून उघडली नाही, आणि पैशाचा प्रश्न नाहीये हो, मला तिच्या जागी मीच दिसतो आणि कानकोंडं व्हायला होतं.

काका गेला त्याला आता बरीच वर्षं झाली. शेवटी किडनीचं निघालं होतं, खर्च झेपेना. आई म्हणाली, भावोजी, गावात शब्द टाकूया का, सगळे देतील. काका भिंतीकडे तोंड करून झोपला होता, तसाच म्हणाला, ‘नको वयनी. मला मागता येत नाय.’

तो थेंब ठाण्याला उतरला. म्हणजे उतरत होता, पण फोम दारात अडकला, मागून गर्दी, पुढून चढणारे, शेवटी मी पिशव्या सीटवर टाकून त्याला दोन्ही हातांनी ढकललं. प्लॅटफॉर्मवरून वळून थँक्यू काका म्हणाला. दहाची नोट त्याने नंबराच्या पिनेलाच टोचून ठेवली होती.

माझ्या दोन्ही पिशव्या तेवढ्यात कुणीतरी सरकवून सीटवर बसलं होतं. उभा राहिलो मग डोंबिवलीपर्यंत.