एका फळीपायी अडलेला कंटेनर

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीतून जर्मनीला पंपाच्या कास्टिंगचा वीस फुटी कंटेनर जायचा होता. 20 लाकडी पेट्या, प्रत्येकी 900 किलोच्या आसपास. लोखंडाच्या मालात जागा संपायच्या आधी वजन संपतं, म्हणून सगळा हिशोब किलोचा. त्यात जुलैचा पाऊस आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी न्हावा शेवा बंदराचं गेट बंद.

फोर्कलिफ्टनं चौथी पेटी उचलली आणि तळाची एक फळी पांढरीफटक दिसली, बाकीच्या काळपट. पेट्या पुरवणाऱ्याचा माणूस म्हणाला, “एकच फळी बदललीया साहेब, शिक्का बाजूला हाय की.”

होता खरा. गव्हाच्या लोंबीचं चिन्ह, आयएन म्हणजे भारत, ट्रीटमेंट करणाऱ्याचा क्रमांक, एचटी. एचटी म्हणजे हीट ट्रीटमेंट: लाकडाच्या गाभ्यात 56 अंश सेल्सिअस, सलग 30 मिनिटं. पण आयएसपीएम 15, म्हणजे लाकडी पॅकिंगमधून कीड देशोदेशी पसरू नये म्हणून केलेल्या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे, दुरुस्त पेटीत घातलेल्या प्रत्येक नव्या फळीवर तिचा स्वतःचा शिक्का लागतो. तिकडच्या तपासणीत हे सापडलं तर पेट्या नष्ट करा, नाहीतर माल परत न्या. खर्च शेवटी निर्यातदाराच्याच माथी.

तिथल्या तिथे प्लायवूड ठोकायचं सुचलं. डिंक, उष्णता आणि दाबानं बनलेल्या प्लायला शिक्का लागत नाही. पण 900 किलोखाली तळाला प्लाय टिकणार कसा? मग सगळ्या पेट्या उलटसुलट पाहिल्या. बिनशिक्क्याची नवी फळी घातलेल्या तीन निघाल्या. एका पेटीच्या फळीवर साल होती, पण पट्टी तीन सेंटीमीटरहून अरुंद, म्हणून ती चालली.

तीन पेट्यांचा माल शिक्क्याच्या नव्या पेट्यांत हलवला. हीट ट्रीटमेंट झालेलं लाकूड वाळलेलं असतंच असं नाही, आणि ओल्या फळीला टेकलेलं मशीन केलेलं तोंड गंजतं. म्हणून गंजरोधक व्हीसीआय पिशव्यांची तोंडं पुन्हा चिकटपट्टीनं बंद केली.

सीएचए, म्हणजे कस्टमचं काम बघणारा एजंट, सकाळपासून शिपिंग बिल (कस्टमकडे भरायचा निर्यातीचा कागद) भरू या म्हणत होता. थांबवलं ते बरं. नव्या पेट्या जड भरल्या. मालाचं नेट वजन तेच, पेटीसकटचं ग्रॉस बदललं. आधी पॅकिंग लिस्ट सुधारली, मग बिल भरलं. त्याचा नंबर, कंटेनर आणि ट्रेलरचे नंबर ई-सीलला, म्हणजे दाराच्या इलेक्ट्रॉनिक सीलला जोडले, तेव्हा दाराला सील लागलं. व्हीजीएमसाठी, म्हणजे भरलेल्या कंटेनरच्या पडताळलेल्या वजनासाठी, काट्यावर भरलेल्या ट्रेलरमधून रिकाम्या ट्रेलरचं वजन वजा केलं. कंटेनरचं स्वतःचं वजन मात्र त्यात धरावंच लागतं. रात्री ट्रेलर निपाणीच्या रस्त्याला लागला. पुरवठादाराला आता दुरुस्त पेट्या वेगळ्या रचून पाठवायला सांगितलंय.