लाल टोकांच्या फळ्या : आमची वाटचाल

चिपळुणात भरीव लाकडाचं काम करणारे कारखाने आता बोटांवर मोजण्याइतके उरलेत, आणि त्यांत आमचं नाव आधी घेतलं जातं हे मी संकोच न करता लिहितो. दारं, खिडक्या, झोपाळे, देव्हारे, कपाटं, पाट-चौरंग. प्रत्येक वस्तू त्या घराचं माप घेऊन, त्या घरासाठी. तयार माल ठेवत नाही, कॅटलॉग छापत नाही. गिऱ्हाईक येतं, आम्ही त्याच्या घरी जातो, भिंत गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे का बघतो (नसतेच), मग लाकडाचं बोलणं होतं.

सुरुवात वडील आणि मिस्त्रीकाका या दोघांची. शिवनदीच्या कडेला पत्र्याची शेड, भांडवल वडिलांचं, हात काकांचा. काका राजापूरकडचे. कोकण रेल्वेचं काम सुरू झालं त्या काळात मुंबईच्या चाकरमान्यांनी गावची घरं नव्याने बांधायला घेतली, आणि प्रत्येकाचा एकच धोशा: गणपतीच्या आत दार लागलं पाहिजे. त्या वर्षांबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. काम होतं, आम्ही करत होतो.

पण काकांच्या पेटीबद्दल लिहिलंच पाहिजे. त्यांचा शिसवी जॅक रंधा वरून हाताच्या घामाने काळाभोर झालेला. त्यांच्या खतकसाच्या (लाकडावर कडेशी समांतर रेघ ओढायच्या हत्याराच्या) दांड्याला अंगठा टेकून टेकून खळगा पडला होता. तो खतकस मी डाव्या हातात धरला की अंगठा आजही आपोआप तिथेच जातो. पटाशीला (सपाट धारेच्या छिन्नीला) ते रोज सकाळी तेलाच्या दगडावर धार लावत, काम असो वा नसो. दुसऱ्याच्या पटाशीला हात लावणारा पोरगा सुतार होत नाही, असं त्यांचं म्हणणं. आमच्याकडे आजही प्रत्येकाची पटाशी वेगळी, आणि मुठीवर ज्याची त्याची खूण.

काकांनी एक गोष्ट आम्हाला घालून दिली, तिच्यावर हा सगळा धंदा उभा आहे. कुसू (एका लाकडाचं पुढे काढलेलं टोक) आणि खोबण (ते बसायला दुसऱ्यात कोरलेली जागा) जुळवली की त्यातून आरपार लाकडी खुंटी ठोकायची. पण कुसवातलं भोक बाहेरच्या भोकाशी सरळ रेषेत पाडायचं नाही. ते किंचित खांद्याकडे, म्हणजे कुसवाच्या मुळाकडे, सरकवायचं, जेमतेम दीड-दोन मिलिमीटर. खुंटी आत जाते तशी ती कुसू ओढून घेते आणि सांधा स्वतःच आवळला जातो. शिकंजाही (आवळून धरणारा क्लॅम्प) लागत नाही, गोंदही लागत नाही. आणि चाळीस वर्षांनी काही बिघडलं तर खुंटी काढून सांधा मोकळा करता येतो. काका म्हणायचे, "जी वस्तू उघडता येत नाही, ती दुरुस्त कोण करणार?"

दिलाहा म्हणजे दाराच्या चौकटीतली फळी. तिला काकांनी कधी गोंद लावू दिला नाही. लाकूड लांबीत हलत नाही, रुंदीत हलतं. कोकणातल्या पावसात फळी फुगणार, चैत्र-वैशाखात आटणार. खोबणीत मोकळी असेल तर श्वास घेईल, चिकटवून टाकली तर मधोमध चिरेल. नवीन दार घेताना दिलाहा हाताने दाबून बघा. अगदी बारीक हलला पाहिजे. मे महिन्यात दार बसवत असाल तर बाजूने तीन मिलिमीटर फट मागून घ्या. "फट जास्त आहे" म्हणून सुताराशी भांडू नका, जुलैत तुम्हीच त्याला दुवा द्याल.

हे सगळं सांगितलं, कारण पुढे जे घडलं ते याशिवाय कळणार नाही.

हायवेच्या कडेला एक मोठं शोरूम आलं. काचेच्या भिंती, आत एसी, बाहेर फ्लेक्स. नाव लिहीत नाही, चिपळूणकरांना सांगावं लागणार नाही. धंद्यात स्पर्धा असतेच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती दोन गोष्टींची. आमच्याकडे रंधा धरायला शिकलेली दोन मुलं त्याने जास्त पगारावर नेली आणि त्यांना भुसा दाबून केलेला बोर्ड कापायला बसवलं. आज त्यांतला एकही कुसू काढू शकत नाही. इतकी चांगली बोटं वाया गेली, हे दुःख पैशाचं नाही.

दुसरी गोष्ट गुहागरच्या बाजूच्या एका रिसॉर्टची. दारं, खिडक्या, व्हरांड्याचे खांब, सगळं सीपी, म्हणजे जुन्या मध्य प्रांताच्या, चंद्रपूरकडच्या सागवानात. मी स्वतः जाऊन मापं घेतली, रात्री बसून नकाशे काढले, लाकूड घनफुटात मांडून दर दिला. बल्लारशाच्या सरकारी डेपोतून लिलावाचं लाकूड, वाहतूक परवाना, चिराई, वाळवण, सगळा खर्च उघड लिहिला होता. चंद्रपूर जिल्ह्यातलं सागवान काय चीज आहे हे लोकांना 2023 साली कळलं, अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी ते तिकडे गेलं तेव्हा. आम्ही ते आधीपासून वापरत होतो. तर रिसॉर्टच्या मालकाने माझे नकाशे शोरूमवाल्याच्या हातात ठेवले, आणि त्याने माझ्या दराच्या निम्म्यात काम घेतलं. पुढे मी एका गिऱ्हाइकासोबत तिथे गेलो होतो. भिंतीला टाचलेल्या कागदावर माझ्याच हाताची मापं. दारं बघितली, बोर्डवर सागाचा पापुद्रा चिकटवलेला. बिलात 'सागवानी दार'. मी काही बोललो नाही. पण तेव्हापासून आमचा नकाशा आगाऊ रक्कम आल्याशिवाय कारखान्याबाहेर जात नाही. या धंद्यात नवीन असाल तर हा नियम पहिल्या दिवसापासून पाळा.

मग 2021. मे महिन्यात तौक्ते वादळाने किनाऱ्यावर झाडं आडवी केली. फणस, आंबे, साग. पडलेला फणस सरपणाला जातोय हे बघवेना. वडिलांनी साठवलेले पैसे काढून आम्ही निवडक ओंडके घेतले, चिरून आणले, शेडमध्ये थप्प्या लावल्या. थप्पी लावणं हेसुद्धा काम आहे. दोन फळ्यांमध्ये एक इंची पट्ट्या, सगळ्या एका ओळंब्यात, वर वजन, आणि फळीच्या दोन्ही टोकांना ऑइल पेंटचा जाड हात. टोकाकडून ओल लवकर उडते आणि तिथूनच फळी चिरते, म्हणून. आमच्याकडे या रंगाला कायम लालच वापरतात. काकांनी कधीतरी लाल डबा आणला असेल, तो रिवाज झाला.

22 जुलैचा गुरुवार. परवाच आषाढी एकादशी झाली होती. आदल्या रात्री वाशिष्ठी आणि शिवनदी दोन्ही चढल्या, त्यात खाडीला भरती. 26 जुलै 2005 चा पूर बघितलेली माणसं आम्ही. आख्ख्या बाजारपेठेने त्या वर्षीची खूण धरून माळे बांधले होते. आमची वायरिंग, मोटरी, किमती लाकूड, सगळं त्या खुणेच्या वर होतं. पाणी त्या खुणेच्याही वर गेलं. आम्ही शेजारच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरून बघत होतो. वाळलेलं लाकूड तरंगतं. थप्प्या आतल्या आत उचलल्या गेल्या, त्यांनी पत्र्याला धडका दिल्या, मागचा दरवाजा निखळला, आणि आमचं सागवान एकेक फळी करून शिवनदीच्या ओढीत निघालं. वडील शेजारी उभे होते. ते फळ्या मोजत होते की देवाचं नाव घेत होते, मी विचारलं नाही.

पाणी उतरल्यावर शेडमध्ये गुडघाभर गाळ. लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराची पुस्तकंसुद्धा त्या पुरात भिजली, तिथे आमच्या लाकडाचं काय! बाहेरगावाहून पोरं फावडी घेऊन आली, नावं न सांगता गाळ उपसून गेली. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत. कॉम्बिनेशन मशीनचं बेड गंजून लाल. मोटरी रिवाइंड करायला कराडला पाठवाव्या लागल्या, कारण गावातले रिवाइंडिंगवाले स्वतःच बुडाले होते. काकांची पेटी माळ्यावर सापडली, आत चिखल. काका तोवर गेले होते, हे एका परीने बरंच झालं.

मग फोन यायला लागले. गोवळकोटकडून, खाडीपलीकडच्या कालुस्त्याकडून. "तुमच्या लाल टोकाच्या फळ्या आमच्या शेतात आल्यात." कुणी टेम्पोत घालून आणून दिल्या, भाडंही घेतलं नाही. काही फळ्या गोठ्याला लागल्या असतील, त्याबद्दल काही म्हणणं नाही. ज्याचा गोठा वाहून गेला त्याने काय करायचं? निम्म्याहून अधिक माल परत आला. त्या लाल रंगाने कारखाना वाचवला.

विमा होता. सर्वेअर आले, फोटो काढले, घसारा वजा करून मशीनची रक्कम धरली, आणि लाकडापुढे लिहिलं की वाळवून वापरता येईल. येतं, मीही तेच म्हणतो. पण दोन इंची फळी सावलीत वाळायला दोन वर्षं लागतात. त्या दोन वर्षांचे पगार, जागा, बँकेचं व्याज त्यांच्या कुठल्याच रकान्यात बसलं नाही. पत्रं लिहिली, खेटे घातले. आलेल्या रकमेत प्लेनरची पाती आणि बेअरिंग झाली.

आणि समोर 10 सप्टेंबरचा गणपती. आगाऊ रक्कम घेतलेली कामं अंगावर. लाकूड ओलं, वीज धड नाही. बंद करायचं बोलणं घरात झालं होतं.

त्या दिवसांत बाई आल्या. आमच्या शाळेतल्या बाई, निवृत्त. त्यांच्या घरातलं जवळजवळ सगळं लाकूडकाम वडील आणि काकांच्या हातचं. त्यांचं स्वतःचं तळमजल्याचं घर चिखलात होतं. कारखान्यात येऊन त्यांनी विचारलं, "अरे, तुझं शिल्लक काय राहिलंय?" मी फणसाच्या परत आलेल्या फळ्या दाखवल्या. म्हणाल्या, "याचा मला झोपाळा कर." मी सांगितलं, बाई, हे वाळायलाच दोन वर्षं जातील. त्यांनी पिशवीतून पाकीट काढलं आणि झोपाळ्याचे पूर्ण पैसे दिले. "मला कुठे घाई आहे?" एवढंच. त्या पैशातून पगार झाले. दोन वर्षांत त्यांनी एकदाही विचारलं नाही.

लाकूड परत कामाला आणण्याची पद्धत लिहून ठेवतो, कुणावर वेळ आलीच तर उपयोगी पडेल. आधी गाळ. पुराचा गाळ वरून मऊ दिसतो, पण त्यात बारीक वाळू असते आणि ती रंध्याचं पातं खाते. गोड्या पाण्याने धुवायचं, तारेच्या ब्रशने रेषेच्या दिशेने घासायचं, मगच थप्पी. उन्हात अजिबात ठेवायचं नाही. घाईघाईने उन्हात घातलेली फळी पिळवटते, ती पुन्हा सरळ होत नाही. सागाच्या गाभ्याला काही होत नाही. पांढरी बाजू, म्हणजे सालीलगतचं लाकूड, काढून टाका, तिला कीड लागते.

आता खरी गोष्ट. पुरानंतर गावात घराघरांतून फर्निचर रस्त्यावर आलं. शोरूमची किचनं, कपाटं, सगळी भिजलेल्या बिस्किटासारखी फुगून ढासळली होती. बोर्डचा दोष नाही, तो पाण्यासाठी केलेलाच नसतो. प्लायमध्येसुद्धा आयएस 710 (पाण्यात टिकणाऱ्या प्लायचं भारतीय मानक) शिक्का असलेला माल उकळत्या पाण्यात 72 तास टिकायला हवा अशी कसोटी आहे. साध्या कमर्शियल प्लायला ती नाही. गिऱ्हाइकाला हे सांगणं विकणाऱ्याचं काम आहे. पण फ्लेक्स लागला: पूरग्रस्तांना खास सवलत, पाच दिवसांत किचन. तोच बोर्ड पुन्हा. रांगा लागल्या.

आमच्याकडे बाईंचं कपाट आलं. काकांच्या हातचं, सागाचं, दोन दिवस पाण्याखाली राहिलेलं. दारं फुगून घट्ट बसलेली. मी खुंट्यांवर पंच लावून मोगरीने ठोकल्या. त्या सुटल्या, आणि सगळं कपाट बाकावर सुटं झालं: पाया, खांब, दिलाहे, फळ्या. कुसवांवर काकांच्या पेन्सिलीच्या खुणा जशाच्या तशा. धुतलं, वाळवलं, नव्या खुंट्या ठोकल्या, लाखेचं पॉलिश केलं. तळाची एक पट्टी तेवढी बदलावी लागली. ते कपाट बघायला लोक यायला लागले. कारखान्याला जी कामं मिळाली ती त्या कपाटामुळे मिळाली, विम्यामुळे किंवा सवलतीमुळे नाही. गणपतीचे चौरंग मात्र जुन्या वाळलेल्या आंब्यात करून वेळेवर दिले, एकाही घरी नाही म्हटलं नाही.

बाईंचा झोपाळा 2023 च्या दिवाळीआधी लावला. फणस ताजा असताना पिवळाधमक असतो, मग वर्षागणिक तांबूस होत जातो. बाईंनी पॉलिश करू दिलं नाही, फक्त अळशीचं तेल.

वडील आता कारखान्यात बसून असतात, टोकं रंगवण्याचं काम त्यांनी स्वतःकडे ठेवलंय. शेड उंच जोत्यावर बांधली. शिकायला आयटीआयची दोन मुलं आहेत, पहिले सहा महिने फक्त धार आणि रंधा. पालक विचारतात, मशीन कधी शिकवणार? हात बसल्यावर. जे थांबत नाहीत त्यांना मी अडवत नाही.

गेल्या महिन्यात शोरूमवाल्याचा माणूस आला होता. त्यांच्या गिऱ्हाइकांना आता भरीव सागाचे देव्हारे आणि दारं हवी आहेत, आम्ही करून द्यावीत, नाव त्यांचं राहील, दर घाऊक धरावा. मी चहा दिला, बल्लारशाच्या मालाचा चालू भाव दाखवला, आणि सगळ्यांना लावतो तोच दर सांगितला. नावाबद्दल म्हटलं, मागच्या बाजूला आमचा शिक्का राहणार. त्याला दोन्ही गोष्टी पटल्या नाहीत. दर अजून तोच आहे, आणि पुढच्या गणपतीपर्यंतची कामं भरलेली आहेत.