घेऊ नका म्हणणारा अंक

गॅजेटचं मासिक निवडताना मी मुखपृष्ठ बघत नाही, मलपृष्ठ बघतो. तिथे ज्या फोनची पानभर जाहिरात असते, त्यालाच आतल्या परीक्षणात पाचपैकी साडेचार तारे दिसले की अंक परत स्टॉलवर. योगायोग असूही शकतो. पण दर महिन्याला?

पूर्वी एवढी चिकित्सा परवडत नव्हती. २००० च्या आगेमागे हे अंक प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद असायचे, उभ्या उभ्या चाळायची सोयच नाही. मग निवड व्हायची ती सीडीवरून. ‘पीसीक्वेस्ट’ लिनक्सची, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकट ऑपरेटिंग सिस्टिमची, सीडी द्यायचं; २००१ मध्ये आलेलं ‘डिजिट’ आणि त्याच्या शेजारचं ‘चिप’ फुकटच्या सॉफ्टवेअरने खच्चून भरलेल्या सीड्या. ५६ केबीपीएसच्या मोडेमवर ७०० एमबी उतरवायचे तर लाइन एकदाही न तुटता २८ तास लागणार, आणि तेवढा वेळ घरचा फोन एंगेज! त्यामुळे पिशवी फोडली की आधी सीडी, मग जमलंच तर मासिक. ती सीडी कुणीतरी हमखास मागून न्यायचं. परत आलीच, तर ओरखडे घेऊन.

आता सॉफ्टवेअर नेटवर, परीक्षणं नेटवर, आणि बहुतेक सगळ्यांना सगळंच आवडलेलं. पैसे देऊन वाचायचं तर मला नाही म्हणणारा माणूस हवा. अमेरिकेतलं ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या बाबतीत खमकं. १९३६ पासून चालू आहे, जाहिरात घेत नाही आणि तपासायची वस्तू चारचौघांसारखी दुकानातून विकत आणतं. २०१० मध्ये सगळं जग आयफोन ४ वर फिदा होतं. यांनी सांगितलं, सिग्नल आधीच कमजोर असेल तिथे फोनच्या डाव्या कडेला खाली बोट टेकलं की तो आणखी पडतो, कॉलही तुटू शकतो. सबब शिफारस नाही. गंमत म्हणजे बाकी गुणांत तोच फोन त्यांच्या यादीत वर होता. उपायही सांगितला: त्या जागेवर चिकटपट्टी लावा! त्याच आठवड्यात अ‍ॅपलने पत्रकार परिषद घेऊन ग्राहकांना कव्हर फुकट द्यायचं जाहीर केलं. एवढा महागडा फोन आणि त्यावर चिकटपट्टी, हे छापायला छाती लागते.

माझी दुसरी कसोटी रद्दीच्या दुकानातली. वर्गणी भरण्याआधी त्या मासिकाचा पाच-सात वर्षांपूर्वीचा अंक मिळवावा. दिवाळी अंकातलं वार्षिक भविष्य वर्ष उलटल्यावर वाचावं, तशी करमणूक होते. २०१० च्या सुमाराचे अंक थ्रीडी टीव्हीने भरलेले असत. अख्खं कुटुंब काळे चष्मे लावून सोफ्यावर, आणि पडद्यातून काहीतरी अंगावर येतंय. २०१७ उजाडेपर्यंत एलजी आणि सोनीनेही तो नाद सोडला. त्या धामधुमीत ज्याने ‘रोजच्या बातम्या चष्मा लावून कोण बघणार?’ एवढंच विचारलं असेल, त्याच्या मासिकाला माझे पैसे.

एवढं करून मी घेतो काय, हा बायकोचा प्रश्न. तो रास्त आहे. या मासिकांची खोड अशी की नवं मॉडेल पुढच्या महिन्यात यायचंच असतं, त्यामुळे आमची खरेदी कायम एक अंक मागे. वॉशिंग मशीनच्या वेळी तुलनेचे तक्ते मांडून बसलो होतो, तेवढ्यात ती दुकानात जाऊन घेऊनही आली.

पुढे एका अंकात तेच मशीन साडेतीन तारे घेऊन दिसलं. मी लगबगीने दाखवलं.

“दीड तारा कशाचा कापला?”

“आवाज जरा जास्त आहे म्हणे.”

“काय?” ती आतून ओरडली. मशीन स्पिनवर होतं.