थिसिस, एथिक्स कमिटी आणि माझे एकेचाळीस ब्लॉक

एमडी पॅथॉलॉजीच्या थिसिसला मी त्वचेचा लिम्फोमा, म्हणजे लिम्फ पेशींचा कॅन्सर, घेतला. गाईड कसे ठरले, नाशिकला विद्यापीठाकडे सिनॉप्सिस (थिसिसचा आराखडा) कधी गेला, काही आठवत नाही. म्हणजे सुरळीत झालं असणार. आठवते ती एथिक्स कमिटी, पेशंटवरच्या संशोधनाला परवानगी देणारी. आज मी लिम्फोमाच्याच रिसर्चमध्ये आहे, पण परळच्या बाजूला गेले की त्या ऑफिसबाहेरचं बाकडं आठवतं आणि डोकं तापतं.

विषय होता मायकोसिस फंगॉइडिस. नावावर जाऊ नका, बुरशीशी काही संबंध नाही. फ्रान्सच्या अलीबेर नावाच्या डॉक्टरने १८०६ मध्ये याचं वर्णन केलं, गाठी अळंबीसारख्या दिसल्या म्हणून हे नाव पडलं. खरं तर हा टी पेशींचा (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा) लिम्फोमा, आधी कातडीत ठाण मांडणारा. सुरुवातीला इसब किंवा सोरायसिस वाटतो. आपल्या सावळ्या कातडीवर तर बऱ्याचदा नुसते फिकट चट्टे उमटतात. मग कुणी कोड म्हणतं, कुणी कुष्ठरोग. तीन-तीन बायोप्सी होतात तेव्हा कुठे निदान लागतं. मला बघायचं होतं, की ज्यांचं निदान नंतर झालं त्यांच्या पहिल्या बायोप्सीत काही दिसत होतं का? त्यासाठी हवे होते आमच्याच रेकॉर्ड रूममधले आठ-दहा वर्षांपूर्वीचे मेणाचे ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेले बायोप्सीचे तुकडे. रजिस्टरप्रमाणे एकेचाळीस.

कमिटी बसायची तीन महिन्यांतून एकदा. अर्जाच्या बारा प्रती. पहिल्या खेपेला एका पानावर एचओडींचा (विभागप्रमुखांचा) शिक्का नव्हता, म्हणून गठ्ठा जसाच्या तसा परत. फोन करून सांगितलं असतं तर पाच मिनिटांत शिक्का मारून आणला असता. पण नाही, पुढच्या मीटिंगला या.

दुसऱ्या खेपेला प्रश्न आला, पेशंटची लेखी संमती कुठे आहे? दहा वर्षांपूर्वीचे पेशंट! कुणी रत्नागिरीचे, कुणी उत्तर प्रदेशातले, लालबागच्या ज्या चाळीचा पत्ता होता तिथे टॉवर उभा. तरी एकेचाळीस पत्रं टाकली. सव्वीस परत आली. नाइट ड्युटी करून सकाळी पोस्टाच्या रांगेत उभं राहायचं, हा माझा रिसर्च. (गाईड सर सांगायचे, पॅथॉलॉजिस्ट डॉ. खानोलकरांनी सूर्याबाईंबरोबर १९४५ मध्ये याच मुंबईतून धोतराच्या गाठीखाली कमरेला होणाऱ्या कॅन्सरवर पेपर लिहिला. मी मनात म्हणायचे, त्यांना कुठे बारा प्रती द्याव्या लागल्या?)

एका पत्रावर फोन आला. पेशंटचा मुलगा. "बाबा जाऊन सहा वर्षं झाली, मॅडम. आता काय तपासणार?" मी म्हटलं, त्यांच्या तपासणीचा तुकडा आमच्याकडे मेणात जपलेला आहे. बराच वेळ तो गप्प. मग म्हणाला, "म्हणजे बाबांचं काहीतरी अजून तिथे आहे?" मला पुढे बोलता येईना. परवानगीचं विचारायचं राहूनच गेलं.

तिसऱ्या मीटिंगच्या आधी अर्ज घेणारे काका सहज म्हणाले, "मॅडम, संमतीतून सूट मागायचा अर्ज वेगळा असतो. तुम्ही लावलाच नाही." आधी का नाही सांगितलंत? "तुम्ही विचारलंच नाही." आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत चक्क लिहिलंय, की तपासणीनंतर उरलेले जुने नमुने ओळख पुसून वापरायचे असतील तर कमिटी संमतीतून सूट देऊ शकते. तेव्हा तुम्ही पहिल्याच दिवशी हा वेव्हरचा अर्ज लावा, कलमाची झेरॉक्स जोडून. कितीतरी महिने वाचतील.

आणि हो, परवानगी हातात येईपर्यंत अँटीबॉडी (पेशी ओळखायला लागणारी रसायनं) मागवू नका. माझी सीडी७ची बाटली फ्रिजमध्येच एक्स्पायर झाली, पैसे खिशातले होते. अर्ज करण्याआधी ब्लॉक स्वतः डोळ्यांनी मोजा, हेही तेव्हाच कळायला हवं होतं. रजिस्टरात एकेचाळीस, ड्रॉवरमध्ये निघाले तेहतीस. काहींची लेबलं झुरळांनी खाल्लेली, काहींत कापून कापून टिश्यूच उरला नव्हता.

परवानगीचं पत्र आलं ते जुलैत, हिंदमाताला पाणी भरलं होतं त्या दिवशी. गुडघाभर पाण्यातून ते प्लॅस्टिकच्या पिशवीत डोक्यावर धरून दादर गाठलं.

अटीप्रमाणे टेक्निशियनने नावं काढून ब्लॉकना नवे नंबर घातले, यादी सरांच्या कपाटात बंद झाली. काही पहिल्या बायोप्सींत कातडीच्या वरच्या थरात शिरलेल्या लिम्फोमाच्या पेशींची बारीक रांग खरंच दिसत होती, रिपोर्टवर मात्र 'क्रॉनिक डर्मटायटिस', म्हणजे कातडीचा जुनाट दाह. त्या मुलाच्या बाबांचा ब्लॉक त्यातलाच होता, की न सापडलेल्या आठांतला, ते मला कळायला काही मार्ग उरला नव्हता.