रनगेट

आमच्या बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं नाव 'रनगेट' आहे. मुलांना तो एखादा मोबाइल गेम वाटतो. खरं तर ती आमच्या इंग्रजीच्या सरांची ठेवणीतली शिवी. मधल्या सुट्टीत दप्तर वर्गातच ठेवून मागच्या कुंपणातून सटकणाऱ्यांसाठी राखून ठेवलेली.

हा शब्द इंग्लंडातही कधीचाच अडगळीत गेलेला. लॅटिनमध्ये धर्म सोडणाऱ्याला 'रेनेगाटुस' म्हणत, त्याचं इंग्रजांच्या तोंडी 'रन'शी सूत जमलं आणि फितूर नि पळपुटा एकाच शब्दात नांदू लागले. सरांनी तो शेक्सपिअरमधून उचललेला. आमची मराठी माध्यमाची शाळा, तेव्हा इंग्रजी पाचवीपासून. शेक्सपिअर अभ्यासक्रमात कुठला असायला? पण ऑफ तासाला सर आले की गोष्ट ठरलेली, तीही अस्सल मराठीत.

इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड, त्याची गोष्ट त्यांची हातखंडा. त्याच्या गादीवर पुढे दावा सांगणारा हेन्री ट्यूडर १४७१ मध्ये काकाबरोबर ब्रिटनीला पळाला; ब्रिटनी तेव्हा फ्रान्सपासून वेगळी होती. तिथंही दगाफटका होणार असं कळल्यावर १४८४ मध्ये नोकराचा वेश करून फ्रान्समध्ये निसटला. तो समुद्रमार्गे इंग्लंडवर चालून येतोय ही बातमी नाटकात रिचर्डचा सरदार स्टॅन्ली आणतो, आणि रिचर्ड भडकून म्हणतो, हा भेकड रनगेट तिथं काय करतोय? इथं सर थांबायचे. चष्मा पुसायचे. मग सांगायचे की हा स्टॅन्ली म्हणजे हेन्रीच्या आईचा नवरा! ७ ऑगस्ट १४८५ ला हेन्री वेल्समध्ये मिलफर्ड हेवनजवळ उतरला आणि २२ ऑगस्टला बॉसवर्थच्या लढाईत रिचर्ड पडला. पळपुटा गादीवर बसला. नाटक लिहिलं गेलं तेव्हा त्याचीच नात एलिझाबेथ राज्य करत होती. राणीच्या आजोबांना रंगमंचावर भेकड म्हणवून घ्यायचं, पण ते रिचर्डसारख्या खलनायकाच्या तोंडून, ही शेक्सपिअरची हुशारी मला आजही त्याच्या कवितेपेक्षा जास्त भावते.

पण आमच्या वर्गाचं नाटक म्हणजे शेक्सपिअरचंच 'सिंबेलिन'. त्याचं असं झालं. बाजाराच्या दिवशी सरांना एसटी स्टँडपाशी आमच्यातला एक जण दिसला. सायकलवरूनच ते ओरडले, "अरे ए रनगेट!" तो राहिला बाजूला, रसवंतीच्या पडद्यामागून आम्ही बाकीचे मान खाली घालून बाहेर आलो. सरांनी आम्हाला पाहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सरांनी बेलेरियस सांगितला. खोट्या आळामुळे हद्दपार झालेला हा सरदार सूड म्हणून राजाचे दोन कोवळे मुलगे पळवतो आणि वेल्सच्या डोंगरात, गुहेत त्यांना वाढवतो. वीसेक वर्षांनी राणीचा मुलगा क्लोटन भलत्याच पळालेल्यांना शोधत तिथं येतो. ते रनगेट सापडत नाहीत म्हणून करवादतो. ते ऐकून बेलेरियस दचकतो : हा आपल्याबद्दल तर बोलत नाही?

गोष्ट संपवून सर मागच्या बाकांकडे वळले. "त्यानं निदान राजाची पोरं पळवली होती. तुम्ही काय पळवलंत रे?"

आमच्यातला सगळ्यात सालस पोरगा उभा राहिला. "सर, शेंगा. पण विकत घेतल्या होत्या."