तुम्ही विचारलंत म्हणून : मुलांच्या झीनमधील चुका

मी मुलांबरोबर झीन करते हे कळल्यावर पालक आणि शिक्षक हमखास विचारतात, की प्रती काढण्यापूर्वी शुद्धलेखन तरी तपासून देता ना? नाही देत.

झीन म्हणजे लिहिणाऱ्यानेच मांडणी करून, प्रती काढून वाटलेली छोटी पुस्तिका. ‘फॅनझीन’ हा मूळ शब्द १९४० मध्ये अमेरिकेतील विज्ञानकथांच्या चाहत्यांमध्ये जन्मला. १९७० च्या दशकात पंक संगीताच्या चाहत्यांना झेरॉक्स यंत्र गवसले आणि चिकटवलेली कात्रणे, तशीच ठेवलेली खाडाखोड ही या प्रकाराची ओळख बनली. मधे संपादक नसणे हेच ज्याचे वैशिष्ट्य, त्यात मी लाल पेन घेऊन शिरले, तर त्याचा गृहपाठ होईल.

चुकांचे काय, तर त्या कागदच दाखवतो. ए-४ कागदावर आठ समान घरे पडतील अशा घड्या घालून मध्यभागी दोन घरांइतकी आडवी चीर दिली की आठ पानांची पुस्तिका होते. मात्र उलगडलेल्या कागदावर एका ओळीतील चार पाने उलटी असतात. म्हणून आधी घडी घालून पानांना क्रमांक द्यावेत. नऊ वर्षांच्या एका मुलीने ते न ऐकता सपाट कागदावरच गोष्ट काढली आणि घडी घातल्यावर तिचे मांजर चार पाने डोक्यावर उभे राहिले. तिने क्षणभर पाहिले आणि त्या जागी लिहिले, ‘आता पुस्तक उलटे धरा.’ ही दुरुस्ती मला सुचली नसती. फिकट पेन्सिल प्रतीत नीट उमटत नाही, कडेचे शब्द तुटतात. ते एकदा पाहिले की पुढच्या वेळी मुले आपणहून काळे पेन घेतात आणि समास आखतात.

किशोरवयीन मुलांच्या बाबतीत मी आणखी हात आखडता घेते. किती प्रती, कोणासाठी आणि स्वतःचे नाव घालायचे का, एवढेच विचारते. दुसऱ्या कोणाचे गुपित त्यात असेल तरच अडवते. घरातील भांडणावर लिहिणाऱ्या एका मुलाने दोनच प्रती काढल्या आणि त्या मला दाखवल्याही नाहीत. पुढच्या झीनच्या मात्र तो वीस प्रती काढणार होता. त्याच्या आदल्या दिवशी येऊन त्याने विचारले, ‘यातली वेलांटी पहिली की दुसरी?’ मी शब्दकोश पुढे सरकवला.